परस्परांपासून शिकणे : शिक्षकाच्या उणिवा भरून काढण्याचा एक उपाय



प्राथमिक शाळेचा शिक्षक हा सर्व विषयांचा शिक्षक असतो. महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकास कविता म्हणून दाखवावी लागत नाही, की भाषेच्या प्राध्यापकास अपूर्णांकांची बेरीज शिकवावी लागत नाही. आपणांस मात्र एकाच दिवसात भागाकार, कविता, नकाशावाचन, चित्रकला, कवायत आणि शाळेच्या आवारातील रोपांची निगा, इतके सारे पाहावे लागते. एकाच व्यक्तीचे या सर्वांवर सारखे प्रभुत्व असणे मनुष्यस्वभावास धरून नाही. तेव्हा प्रत्येक शिक्षकाच्या ठायी काही ना काही उणीव असणारच. तीत लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्या उणिवेचे आपण काय करतो?

बहुधा आपण ती झाकतो. जो घटक आपणांस नीट समजावता येत नाही, तो घाईने उरकला जातो किंवा फळ्यावर उत्तर लिहून देऊन मुलांकडून उतरवून घेतला जातो. वरवर पाहता काही बिघडलेले दिसत नाही. परंतु शिक्षकाची झाकलेली उणीव पुढे मुलाची उणीव होऊन बसते. आणि मुलाला ती आपल्या गुरुजींकडून आली हे कळतही नाही. ‘मला गणित येत नाही’ असे म्हणत ते मूल मोठे होते. म्हणून ही गोष्ट केवळ शिक्षकाच्या मानापमानाची नाही, ती मुलांच्या हिताची आहे.

प्रस्तुत पाठात या उणिवा भरून काढण्याच्या एका सोप्या, बिनखर्चाच्या, पण थोडा मनाचा मोठेपणा मागणाऱ्या उपायाचा विचार करावयाचा आहे. तो उपाय म्हणजे दोघा शिक्षकांनी एकमेकांचे विद्यार्थी होणे.

१. अंधपंगुन्याय पुरेसा नाही

आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यावे आणि पांगळ्याने त्याला वाट दाखवावी, हा अंधपंगुन्याय आपणा सर्वांस परिचित आहे. सांख्यदर्शनात प्रकृती व पुरुष यांचा संबंध समजावण्यासाठी हाच दृष्टान्त दिलेला आहे. आपल्या अनेक शाळांत हा न्याय नकळत चालू असतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असल्यास किमान २ शिक्षक असावे लागतात. अशा द्विशिक्षकी शाळेत पुष्कळदा सहजच वाटणी होते. ज्याला गणित बरे जमते तो गणित घेतो, ज्याची भाषा चांगली तो भाषा घेतो. काम चालते आणि मुलांचेही नुकसान होत नाही.

मात्र या व्यवस्थेत एक मोठा दोष आहे. दोघे मिळून वाट चालतात, पण आंधळा आंधळाच राहतो आणि पांगळा पांगळाच. दहा वर्षे अशी वाटणी चालली, तरी भाषेच्या शिक्षकाचे गणित होते तेथेच राहते. किंबहुना सवय सुटल्याने ते अधिकच मागे पडते. मग एके वर्षी बदलीचा आदेश येतो किंवा एक जण दीर्घ रजेवर जातो, आणि झाकलेली उणीव एकदम उघडी पडते. त्या वर्षीच्या मुलांनी काय करावे?

म्हणून श्रमविभाग आणि परस्पर-अध्ययन यांतील भेद प्रथम स्पष्ट ध्यानात घेतला पाहिजे. श्रमविभागात मी तुमचे काम करतो व तुम्ही माझे करता. परस्पर-अध्ययनात मी तुम्हांला माझे काम शिकवतो व तुम्ही मला तुमचे शिकवता. पहिल्याने सोय होते, दुसऱ्याने वाढ होते.

२. एक उदाहरण : रामानुजन व हार्डी

अशा परस्पर-अध्ययनाचे एक उत्तम उदाहरण गणिताच्या इतिहासात आढळते. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळनाडूतील इरोड येथे झाला. हा दिवस २०१२ पासून आपल्या देशात राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळला जातो. रामानुजन यांची गणितातील प्रतिभा विलक्षण होती, पण त्यांचे औपचारिक शिक्षण अपुरे राहिले होते. गणितावाचून इतर विषयांत लक्ष न लागल्याने ते महाविद्यालयीन परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. ज्या ग्रंथावरून ते बहुतांशी स्वतःच शिकले, त्यात हजारो सूत्रे होती, पण त्यांच्या सिद्धता फारशा नव्हत्या. परिणामी नवनवीन सूत्रे त्यांना सुचत; मात्र ती खरी का आहेत हे पायरीपायरीने दाखविण्याची शिस्त त्यांना लाभलेली नव्हती.

१९१३ च्या जानेवारीत, मद्रास बंदराच्या कचेरीत कारकून असताना, त्यांनी इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. सोबत आपली अनेक सूत्रे जोडली. त्यांतील काही पूर्वीच इतरांना माहीत असलेली होती, काही अगदी नवी व आश्चर्यकारक होती, आणि काही चुकीची होती. मूळसंख्यांविषयीचे त्यांचे प्रतिपादन चुकले होते, कारण त्यासाठी लागणारी गणिताची एक संपूर्ण शाखाच त्यांना अपरिचित होती.

हार्डी यांचे सामर्थ्य नेमके दुसऱ्या बाजूचे होते. सिद्धतेची काटेकोर शिस्त त्यांच्या हाडीमासी भिनलेली होती. तथापि रामानुजन यांच्यापाशी असलेली, उत्तर आधीच दिसावे अशी दृष्टी आपल्यापाशी नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले होते.

१९१४ च्या एप्रिलमध्ये रामानुजन इंग्लंडात पोहोचले. आता हार्डी यांच्यापुढे एक नाजूक प्रश्न उभा राहिला. या माणसाला पहिल्यापासून पद्धतशीर अभ्यासक्रम शिकवावयास घेतला, तर त्याचा आत्मविश्वास ढळेल व प्रतिभेचा झरा आटेल. आणि काहीच शिकवले नाही, तर चुकीच्या समजुती तशाच राहतील. हार्डी यांनी मधला मार्ग पत्करला. दोघांनी एकच प्रश्न हाती घ्यावा, त्यावर दोघांनी काम करावे, आणि काम करता करता जे कमी पडेल तेवढे शिकवावे व शिकावे.

अशा एका प्रश्नाची ओळख आपल्या तिसरी-चौथीच्या मुलांनाही करून देता येईल. ४ चिंचोके घ्या. त्यांचे गट किती प्रकारे पाडता येतील? सगळे ४ एकत्र. ३ आणि १. २ आणि २. २, १ आणि १. किंवा चारही सुटे. म्हणजे ५ प्रकार झाले. ५ चिंचोक्यांचे ७ प्रकार होतात. संख्या वाढली की प्रकार भराभर वाढतात. २०० चे प्रकार तर ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतके होतात. कोणत्याही संख्येचे असे प्रकार किती, हे काढण्याचे सूत्र दोघांनी शोधले व ते १९१८ साली प्रसिद्ध केले. मॅकमेहन नावाच्या गणितज्ञाने २०० पर्यंतचे प्रकार अंकगणिताने मोजून काढले होते. त्या उत्तराशी सूत्राचे उत्तर ताडून पाहिले, तेव्हा फरक इतका सूक्ष्म निघाला की जवळचा पूर्णांक घेताच तीच संख्या मिळावी. इतके अचूक सूत्र असलेच पाहिजे, हा आग्रह रामानुजन यांचा होता. तेथवर पोहोचण्याचे साधन हार्डी यांनी पुरविले. दोघांपैकी एकट्याच्याने हे झाले नसते, असा अभिप्राय त्यांचे सहकारी लिट्लवुड यांनी पुढे नोंदविला.

परंतु आपल्या दृष्टीने त्या सूत्राहूनही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. काही वर्षांच्या सहवासानंतर रामानुजन हे हार्डी यांच्यासारखे झाले नाहीत, आणि तसे व्हावे अशी हार्डी यांचीही इच्छा नव्हती. तथापि आपण एखादी गोष्ट सिद्ध केली आहे की नाही, हे त्यांना नेमके उमजू लागले. उणीव पूर्णपणे नाहीशी झाली नाही, पण ती त्यांच्या ताब्यात आली. दुसऱ्या बाजूने, आपण त्यांना जेवढे शिकवले त्याहून कितीतरी अधिक त्यांच्यापासून शिकलो, असे हार्डी यांनी पुढे नमूद केले. १९१८ साली रामानुजन यांची लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. १९१९ साली ते मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, निवर्तले.

३. या उदाहरणातून घ्यावयाचा बोध

आपण कोणी रामानुजन किंवा हार्डी नव्हे, हे खरे. पण त्यांच्या सहकार्यामागील चार गोष्टी कोणत्याही खेड्यातील शाळेत आचरता येण्याजोग्या आहेत.

(अ) आरंभ विचारण्याने झाला. पत्र रामानुजन यांनी लिहिले. ज्याला उणीव जाणवते त्यानेच पहिले पाऊल टाकावे. न मागता दिलेला उपदेश बहुधा पचत नाही.

(आ) देणारा हा घेणाराही होता. केवळ एकाने द्यावे व दुसऱ्याने घ्यावे असा संबंध असेल, तर घेणाऱ्याच्या मनात कमीपणा व देणाऱ्याच्या मनात अहंकार वाढीस लागतो. दोन्ही बाजूंनी देवघेव असली म्हणजे तराजू समतोल राहतो.

(इ) दोघांच्या मध्ये एक ठोस काम होते. ‘आपण एकमेकांना सुधारू या’ अशा मोघम संकल्पातून फारसे निष्पन्न होत नाही. ‘तिसरीच्या मुलांना हा भागाकार समजला पाहिजे’ असे काम समोर असले, की चर्चा माणसावर न घसरता कामावर राहते.

(ई) एकाने दुसऱ्याला आपल्या साच्यात ओतले नाही. सहकाऱ्याची शिकवण्याची रीत, आवाज, विनोद हे त्याचेच राहावेत. भरून काढावयाची आहे ती उणीव. बदलावयाचा आहे तो माणूस नव्हे.

४. द्विशिक्षकी शाळेतील योजना

आता एका द्विशिक्षकी शाळेची कल्पना करू. तेथे एक ज्येष्ठ गुरुजी आहेत व एक तरुण बाई आहेत. गुरुजी कविता इतकी सुरेख म्हणतात की, वाटेवरचा माणूस थांबून ऐकतो. पण भागाकारात मुले का चुकतात हे त्यांना उलगडत नाही. बाईंचे गणित पक्के आहे; पण कविता त्या धड्यासारखी एकसुरी वाचून दाखवतात. या दोघांनी पुढीलप्रमाणे योजना आखावी.

पहिली पायरी : उणीव नेमकी सांगणे. ‘माझे गणित कच्चे आहे’ हे फार मोघम झाले. ‘८१६ ला ८ ने भागताना मुले उत्तर १०२ ऐवजी १२ लिहितात आणि मधले शून्य मला त्यांना पटवून देता येत नाही’ असे म्हटले म्हणजे नेमके झाले. नेमकी उणीव भरून काढणे आटोक्यात असते.

दुसरी पायरी : पाहणे. आठवड्यातून एक तासिका दोन्ही वर्ग एकत्र बसवावेत. म्हणजे कोणताही वर्ग शिक्षकावाचून राहत नाही. प्रथम बाईंनी तो भागाकार शिकवावा व गुरुजींनी मागे बसून पाहावे. बाई शंभर काड्यांचे ८ गठ्ठे, दहा काड्यांची १ जुडी व ६ सुट्या काड्या मांडतात आणि ८ मुलांना उभे करतात. प्रत्येकाला एकेक गठ्ठा मिळतो. जुडी मात्र एकच; ती आठांना पुरत नाही. म्हणजे दशकाच्या घरात कोणालाच काही मिळाले नाही. त्या घरात शून्य. मग जुडी सोडली की १६ सुट्या काड्या होतात व प्रत्येकाच्या वाट्याला २ येतात. ते शून्य मुलांना नियम म्हणून पाठ करावे लागत नाही. रिकामा हात म्हणून दिसते.

तिसरी पायरी : करणे. दुसऱ्या आठवड्यात तोच पाठ वेगळी संख्या घेऊन गुरुजींनी द्यावा व बाईंनी पाहावे. हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच बहुधा गाळली जाते. पाहून समजले असे वाटते. समजले की नाही ते करताना कळते.

चौथी पायरी : बोलणे. मधल्या सुटीत दहा मिनिटे पुरेत. बोलणे मुलांनी काय केले यावर असावे. ‘गुरुजी, वाटताना मुले जुडीपाशी आपण होऊन थांबली होती, नेमके तेव्हाच आपण उत्तर सांगून टाकलेत.’ ‘बरोबर आहे, बाई. उद्या तेथे मी गप्प राहून पाहतो.’ एवढे बोलणे एखाद्या दीर्घ व्याख्यानाचे काम करते.

पाचवी पायरी : पारडे फिरवणे. पुढील आठवड्यात गुरुजींनी कविता शिकवण्याची आपली रीत दाखवावी. कविता आधी गद्यासारखी वाचून अर्थ लावावयाचा, मग चरणात विसावा कोठे येतो तेथे पेन्सिलीने खूण करावयाची, नंतर टाळीच्या ठेक्यावर म्हणावयाची, आणि चाल सर्वांत शेवटी लावावयाची. गळा गोड नसला तरी ठेका व विसावा यांवर कविता उभी राहते, हे बाईंना स्वतः म्हणून पाहिल्यावर उमगेल.

दोघांनी मिळून एक वही ठेवावी. तीत तारीख, घटक, काय पाहिले व पुढे काय करावयाचे एवढेच लिहावे. महिनाअखेर मुलांच्या पाट्या व वह्या पाहाव्यात. मधले शून्य विसरणारी मुले आधी किती होती व आता किती आहेत, हीच या प्रयोगाची खरी कसोटी होय.

देवघेवीचे विषय पुस्तकातलेच असावेत असे नाही. तरुण शिक्षकास संगणक व भ्रमणध्वनी सराईतपणे हाताळता येतो. ज्येष्ठास एकाच खोलीत तीन इयत्ता कामात गुंतवून ठेवण्याची हातोटी साधलेली असते. मेळघाटातील किंवा सातपुड्यातील शाळेत बाहेरून आलेल्या शिक्षकास मुलांची कोरकू किंवा भिली बोली येत नाही. त्याच गावच्या सहकाऱ्यास ती येते. पहिलीच्या मुलाला त्याच्या बोलीत चार शब्द ऐकू आले, तर त्याचे शाळेविषयीचे भय निम्मे ओसरते. ही विद्या कोणत्याही पदविकेहून कमी मोलाची नाही.

जेथे शिक्षक एकटाच आहे, तेथे शेजारच्या शाळेतील शिक्षकाशी जोडी जमवावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेस दोघे भेटतातच. त्या दिवशी एकमेकांची वही पाहावी व पुढील भेटीपर्यंतचे काम ठरवावे.

५. संभाव्य अडचणी

पहिली अडचण ज्येष्ठतेची. ‘वीस वर्षे शिकवतो आहे, आता कालच्या मुलीकडून काय शिकायचे?’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण ज्येष्ठाने आधी विचारले, तरच कनिष्ठाला विचारण्याचे धैर्य होते. म्हणून प्रारंभाचा मान ज्येष्ठाने घ्यावा.

दुसरी अडचण विश्वासाची. आपली उणीव सहकाऱ्यापाशी बोलून दाखवली आणि ती चावडीवर किंवा तपासणीच्या वेळी ऐकू आली, तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. दोघांतले दोघांतच राहील, हा या व्यवहाराचा पहिला नियम होय. मुख्याध्यापकांनी व केंद्रप्रमुखांनीही ती वही दोष शोधण्यासाठी मागू नये. मुलांची प्रगती पाहावी, तीत सर्व काही दिसते.

तिसरी अडचण अशी की, दोघांचीही एखादी समजूत सारखीच चुकीची असू शकते. ‘शिर’ म्हणजे डोके व ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, हा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दोघांनाही ठाऊक नसेल, तर चर्चेने तो कळणार नाही. म्हणून शब्दकोश, पाठ्यपुस्तक व शिक्षक-मार्गदर्शिका यांना जोडीतील तिसरा सोबती मानावे.

६. मुलांच्या जोड्या

शिक्षकांस हे साधले, की मुलांतही ते उतरवता येईल. मोठ्या मुलांनी लहानांस शिकवण्याची चाल आपल्या जुन्या गावठी शाळांतून होतीच. मद्रासेतील अनाथ मुलांच्या शाळेचे काम १७८९ साली हाती घेतलेल्या अँड्र्यू बेल यांनी तेथील देशी शाळेत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले पाहिली. त्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी मुलांकडून मुलांना शिकवण्याची पद्धत उभारली आणि १७९७ साली तिची हकीकत लंडन येथे प्रसिद्ध केली. पुढे ही पद्धत दूरवर पसरली. परंतु तीत पाठांतरावर फार भर होता, आणि शिकवणारा मुलगा शिकवणाराच व शिकणारा शिकणाराच राही. आपण हा दोष टाळावा.

‘हुशार’ मुलाशेजारी ‘कच्चे’ मूल बसवणे म्हणजे जोडी नव्हे. प्रत्येक मुलाला काय येते ते आधी शोधावे. बापाबरोबर आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मुलाचा तोंडी हिशोब तयार असतो, पण त्याचे वाचन अडखळत असेल. त्याची जोडी छान वाचणाऱ्या, पण हिशोबाला बिचकणाऱ्या मुलीशी जमवावी. सकाळी ती शिकवील, दुपारी तो शिकवील. ज्या मुलाने एकदा दुसऱ्याला शिकवले, ते स्वतःला ‘ढ’ समजत नाही. आणि जे स्वतःला ‘ढ’ समजत नाही, त्याला शिकवणे सोपे जाते.

शिक्षकाने शिकणे थांबवले नाही, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. मागच्या बाकावर बसून आपले गुरुजी बाईंचा पाठ ऐकत आहेत आणि वहीत टिपून घेत आहेत, हे दृश्य मुले पाहतात. न येणारी गोष्ट विचारावयाची असते, हे त्यांना त्यातून कळते.

विचारार्थ व कृतीसाठी

१. गेल्या महिन्यात आपण घाईने उरकलेला एक घटक कोणता? त्यातील नेमकी अडचण एका वाक्यात लिहा.
२. आपला सहकारी आपल्याहून चांगली करतो अशा दोन गोष्टी व आपण त्यास देऊ शकाल अशा दोन गोष्टी लिहा.
३. आपल्या शाळेत आज केवळ श्रमविभाग आहे की परस्पर-अध्ययन? उद्या एका शिक्षकाची बदली झाल्यास कोणत्या विषयाची हानी होईल?
४. वर सांगितलेल्या पाच पायऱ्यांनी एक घटक चार आठवडे हाताळा व मुलांच्या आधीच्या आणि नंतरच्या वह्या घेऊन केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत त्यावर चर्चा करा.